सभागृहातलं एक मत
महात्मा फुले म्हटलं की भिडेवाड्यातली १८४८ची मुलींची शाळा आठवते. पण जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते, हे किती जणांना माहितीये? त्याआधी १८६८मध्येच त्यांनी घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. नगरपालिकेतही ते गप्प बसले नाहीत. शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हा त्यांनी विरोध केला. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचं ठरलं, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांनी सांगितलं. ३२ सदस्यांत विरोधी मत एकच पडलं, जोतीरावांचं. ते हरले, पण गावचा पैसा कुणासाठी, हा प्रश्न सभागृहात विचारला गेला. आपल्या वॉर्डात तो आज कोण विचारतं?