पक्षी टिपणारे चेरी कीर्टन

पक्षी टिपणे म्हणजे एकेकाळी बंदुकीने पाडणे. आज त्याचा अर्थ छायाचित्र घेणे असाही होतो. हा पालट ज्यांनी प्रत्यक्ष आचरणातून घडविला, त्यांत इंग्लंडमधील चेरी कीर्टन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

चेरी यांचा जन्म ८ जुलै १८७१ रोजी यॉर्कशरमधील थ्वेट या खेड्यात झाला. थोरले बंधू रिचर्ड त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे. लहानपणी पडल्यामुळे रिचर्ड यांचा एक पाय कायमचा अधू झाला होता. परंतु रानाची ओढ दोघांनाही सारखीच. पुढे दोघेही लंडनच्या कॅसल या प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागले.

त्या काळी अंडी गोळा करणे आणि मारलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ठेवणे यालाच पुष्कळ लोक पक्षी-अभ्यास समजत. १८९२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या उत्तरेकडील एनफील्ड येथे चेरी यांनी थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र घेतले. अंडी जागच्या जागी राहिली आणि घरट्याची नोंदही झाली! त्यासाठी घनदाट अरण्यात जावे लागले नाही. रिचर्ड यांनी लिहिलेले व चेरी यांच्या छायाचित्रांनी सजलेले घरट्यांवरील पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले.

कॅमेरा अवजड, काचा जपून न्याव्या लागत. उंच घरट्यासाठी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहावे, कड्यावरच्या घरट्यासाठी दोराने खाली उतरावे, असा त्यांचा खाक्या. पक्षी बिथरू नयेत म्हणून १९०० साली त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करविला. आत माणूस व कॅमेरा! एकदा तो बैल उलथून चारी पाय वर झाले. आतल्या भावाच्या मदतीला धावण्याआधी बाहेरच्याने त्याचेही छायाचित्र घेतले म्हणतात.

पुढे चेरी चलच्चित्रांकडे वळले. १९०९ मध्ये आफ्रिकेत थिओडोर रूझवेल्ट यांचेही चित्रण त्यांनी केले. २७ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मात्र चांगल्या चित्रासाठी घरट्यापुढची फांदी बाजूला सारली, तर कावळ्याला वाट मोकळी होते, आणि फार जवळ गेल्यास पक्षीण घरटे सोडून जाते. मग बंदूक व कॅमेरा यांत फरक तो काय उरला? मित्रहो, महाविद्यालयाच्या कुंपणात बुलबुलाचे घरटे दिसले, तर चार पावले मागेच थांबू या. कीर्टन बंधूंचा तो पोकळ बैल आपल्याला हेच शिकवितो.