मुठीतून उभे राहिलेले भोजनगृह : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. यांपैकी एखादे दान आयुष्यभर निष्ठेने करणारी माणसे समाजात आढळतात. परंतु भुकेल्या मुलाला पोटभर भाकरी, त्याच पंक्तीत विद्या आणि त्याच विद्येतून निर्भयता अशी तीन दाने एकाच छपराखाली देणारा पुरुष विरळाच. कर्मवीर भाऊराव पाटील हे असे पुरुष होते. शिक्षणमहर्षी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांना वंदन करतो. मात्र त्यांच्या शिक्षणकार्याचा आरंभ शाळेच्या फळ्यापाशी न होता वसतिगृहाच्या चुलीपाशी व शेताच्या बांधावर झाला, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. मुलांचा आहार आणि मुलांचे शरीरश्रम ही सर्व समाजाची जबाबदारी आहे, हे त्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिले.

बालपण आणि तालमीचा संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबली तीर्थक्षेत्राच्या परिसरातील हे गाव जैन बांधवांना सुपरिचित आहे. घराणे दिगंबर जैन. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस होते. मातोश्रींचे नाव गंगाबाई. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

अभ्यासात, विशेषतः गणितात, त्यांची गती बेताचीच होती. ते मॅट्रिकपर्यंतही पोहोचू शकले नाहीत. परंतु राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर हे पेठापेठांतील तालमींचे शहर होते. कुस्ती, मल्लखांब आणि पोहणे यांत भाऊराव रमले. पुढे चाळीस वर्षे अनवाणी पायांनी खेडी तुडवण्याचे बळ त्यांना या तालमीच्या मातीनेच दिले असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. बलवान शरीर ही विद्येची वैरीण नसून सखी आहे, हा धडा त्यांनी पुस्तकाबाहेर गिरवला.

भोजनगृहाचे बंद झालेले दार

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. बोर्डिंगमध्ये परतल्यावर, शुद्धीचे स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नानास ठाम नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे हे बोर्डिंगचे अधीक्षक होते. पुढे शाहू महाराजांनी भाऊरावांना आपल्या वाड्यात आश्रय दिला.

ही घटना आपल्या समाजाने विसरू नये. आज ज्या सुपुत्राचा आपण अभिमान बाळगतो, त्याला आपल्याच समाजाच्या पंक्तीतून उठावे लागले होते. भाऊरावांनी मात्र मनात अढी धरली नाही. १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी पोलिसांनी त्यांच्यावर दडपण आणले. अतोनात छळ सोसूनही त्यांनी ती साक्ष दिली नाही. क्षमा हा शब्द आपण पर्युषणात व दशलक्षण पर्वात उच्चारतो. भाऊरावांनी तो ऐन तारुण्यात जगून दाखवला.

एका भोजनगृहाचे दार बंद झाल्याचे उत्तर त्यांनी अनेक भोजनगृहे उघडून दिले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत बसून जेवतील असे वसतिगृह हे त्यांचे जीवितकार्य ठरले.

रयतेची संस्था

१९१० च्या सुमारास त्यांनी मित्रांच्या साहाय्याने दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम काढला. मधल्या काळात उदरनिर्वाहासाठी ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. शाळा गावापासून दूर, शहरात राहण्याची सोय नाही, आणि मुलाला शहरात खाऊ घालण्याची ऐपत नाही. या तीन कारणांनी मुले शिक्षणाला मुकतात हे त्यांनी अचूक हेरले. शाळा काढण्याआधी मुलाच्या दोन वेळच्या भाकरीची तजवीज केली पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य सातारा येथे आले. तेथील वसतिगृहाचे २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशा सर्व समाजांची मुले एकत्र राहतात, एकत्र शिजवतात आणि एकत्र जेवतात, हे पाहून गांधीजींना परम संतोष झाला.

मूठभर धान्याचा हिशेब

एवढ्या मुलांना खाऊ घालायचे कशातून? धनिकांची मोठी देणगी सदैव मिळेलच असा भरवसा नव्हता. भाऊरावांनी मुष्टिफंडाची वाट धरली. घरातील गृहिणीने दररोज दळणाच्या किंवा रांधण्याच्या धान्यातून एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकावे, आणि साठलेले धान्य वसतिगृहाकडे यावे, अशी ही साधी योजना. सुगीच्या दिवसांत खळ्यावरूनही धान्य मिळे.

व्यापारी दृष्टीने या मुठीचा हिशेब करून पाहावा. एक मूठ चाळीस ग्रॅमची धरली तर एका घराचे महिन्याचे धान्य सव्वा किलोच्या आसपास भरते. शंभर घरांचे मिळून सव्वाशे किलोंच्या घरात जाते. देणाऱ्याच्या ताटात काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याचे ताट रिकामे राहत नाही. ज्याच्याजवळ फार थोडे होते तोही दाता झाला, ही या योजनेची खरी जमा होय. गावाने ज्या मुलांना धान्य दिले ती मुले गावाची झाली. त्यांची उपस्थिती, त्यांची प्रकृती आणि त्यांचे यश ही सर्व गावाची काळजी बनली.

तरीही वसतिगृहात धान्य संपण्याचे प्रसंग आले. अशा वेळी भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई पुढे झाल्या. पारंपरिक जैन घराण्यात वाढलेल्या या माउलीने आरंभीचे सोवळेओवळे बाजूला ठेवून सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने वाढले. अंगावरचे दागिने एकामागून एक गेले. अखेरीस मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. कर्मवीरांच्या कार्याचा ताळेबंद मांडताना भांडवलाच्या बाजूस पहिले नाव लक्ष्मीबाईंचे लिहावे लागते.

श्रमाची शाळा

वसतिगृहातील मुले केवळ जेवणारी नव्हती. पाणी भरणे, स्वयंपाक करणे, भांडी घासणे, आवार झाडणे, शेतात खपणे ही सर्व कामे मुलेच आळीपाळीने करीत. खडकाळ माळ खणून त्यांनी तो लागवडीखाली आणला. इमारतींसाठी दगड वाहिले. भाकरी, आमटी आणि स्वतःच्या श्रमाने पिकविलेला भाजीपाला हे त्यांचे अन्न. जेवण साधे, परंतु ताजे. आणि मेहनतीने लागलेली भूक हीच त्याची चव. ज्या मुलाने वाफ्याला पाणी घातले तो मुलगा ताटातील भाजी टाकून देत नाही, हे मानसशास्त्र भाऊरावांना कोणत्याही ग्रंथाविना उमगले होते.

श्रमाला त्यांनी शिक्षेचे रूप कधी येऊ दिले नाही. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि कमवा व शिका या तत्त्वाला शाळेत स्थान मिळाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयाने तेच तत्त्व महाविद्यालयात नेले. संस्थेने स्वावलंबी शिक्षण हेच आपले ब्रीद मानले आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह स्वीकारले. मद्रास राज्यात कामराज यांनी शाळकरी मुलांच्या दुपारच्या भोजनाची राज्यव्यापी योजना आणली ती १९५६ च्या सुमारास, आणि केंद्र शासनाची शालेय पोषण योजना आली १९९५ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी साताऱ्याच्या माळावर, रयतेच्या मुठीतून, विद्यार्थ्यांची पंगत बसत होती.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले व पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली.

नवी मुंबईतील आपले कर्तव्य

कर्मवीरांचा वटवृक्ष आज आपल्या दारापर्यंत आला आहे. वाशी येथील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय हे रयत शिक्षण संस्थेचेच. परंतु त्यांच्या विचाराची पारंबी आपल्या घरात उतरली आहे काय?

त्या काळी मुलांपुढे अन्नाचा तुटवडा हा प्रश्न होता. आज वाशी-तुर्भ्याच्या बाजारपेठेत धान्य, फळे व भाजीपाला यांचे ट्रक रात्रंदिवस रिते होत असताना आपल्याच मुलांच्या हाती वेफर्सचे पाकीट आणि शीतपेयाची बाटली दिसते. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी किमान साठ मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली मुले लिफ्टने उतरतात, बसने शाळेत जातात आणि शिकवणीवरून परतल्यावर मोबाईल घेऊन बसतात. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाला शाळांत साखरेचे दुष्परिणाम सांगणारे फलक लावण्याची सूचना द्यावी लागली, यावरून दुखणे किती खोल गेले आहे हे ध्यानी यावे.

उपाय दूर शोधावयास नको. ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे, आणि सूर्यास्तापूर्वी भोजन, ही आपल्या धर्माने घालून दिलेली शिस्त आहे. तिला कर्मवीरांच्या श्रमाची जोड द्यावी. पाठशाळेनंतर प्रभावना म्हणून चॉकलेटे व वेफर्स वाटण्याऐवजी फळे, भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा खाकरा वाटता येईल. रविवारी पाठशाळेच्या आधी अर्धा तास सूर्यनमस्कार, लंगडी व खो-खो घेता येईल. स्वामीवात्सल्यात वाढण्याचे व भांडी घासण्याचे काम मुलांकडे सोपविता येईल. आणि प्रत्येक घराने रोज एक मूठ धान्य बाजूला काढून ते परिसरातील गरजू विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास पोहोचवले, तर मूठ टाकणारा मुलाचा हातही संस्कारित होईल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती प्रत्येक घराची मूठ आणि प्रत्येक मुलाच्या कपाळावरचा घाम. कर्मवीरांनी एवढ्याच भांडवलावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या घडविल्या. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपण तीच पंगत पुन्हा मांडावी, आणि तिचे दार कोणत्याही मुलासाठी बंद राहणार नाही याची दक्षता घ्यावी. हीच त्या महापुरुषाला आपली खरी आदरांजली ठरेल.