भुकटीतून स्फटिकरचना वाचणारे पीटर डेबाय

क्ष-किरणांनी पदार्थाची अंतर्रचना जाणण्यासाठी एकेकाळी मोठा व निर्दोष स्फटिक हाती असणे आवश्यक मानले जाई. ही अट दूर करणारे भौतिकशास्त्रज्ञ पीटर डेबाय यांचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त येथे झाला. जर्मनीतील आखेन येथे विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना त्यांना आर्नोल्ट झोमरफेल्ट यांचे मार्गदर्शन लाभले. १९११ मध्ये झुरिक विद्यापीठात आइनस्टाइन यांच्या रिक्त जागी त्यांची नियुक्ती झाली.

स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे १९१२ मध्ये सिद्ध झाले. उष्णतेने कंप पावणाऱ्या अणूंमुळे विवर्तनाची आकृती विस्कटेल, अशी शंका तेव्हा होती. उष्णतेने तीव्रता घटते, रेखीवपणा मात्र टिकतो, हे डेबाय यांनी गणिताने दाखवून दिले.

१९१६ मध्ये गटिंगेन येथे पाउल शेरर यांच्यासह ते अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी शोधत होते. लिथियम फ्लोराइडच्या भुकटीने मात्र फिल्मवर अनपेक्षितपणे ठळक रेषा उमटवल्या. भुकटीतील असंख्य कणांपैकी काही कण योग्य कोनात असतातच, हे त्यामागील कारण होते.

जवळजवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसणे ही या पद्धतीची खरी कसोटी ठरली. नमुना बारीक आणि कॅमेऱ्याच्या अक्षावर नेमका असावा लागे. ५७.३ मिलिमीटर व्यासाच्या कॅमेऱ्यात फिल्मवरील १ मिलिमीटर अंतर २ अंशांइतके भरते. व्यास दुप्पट केल्यास ते १ अंशाइतके होते. रेषा सुट्या होतात, परंतु चित्रणास अधिक वेळ लागतो. कण अतिसूक्ष्म असल्यास उत्तम उपकरणातही रेषा रुंदावतात. या रुंदीवरूनच कणांचा आकार काढण्याचे सूत्र शेरर यांनी १९१८ मध्ये मांडले आणि दोष वाटणारी गोष्ट मोजमापाचे साधन बनली.

डेबाय यांनी १९३२ मध्ये फ्रान्सिस सीअर्स यांच्यासह श्राव्यातीत ध्वनिलहरींमुळे होणारे प्रकाशाचे विवर्तन दाखवले. त्याची समाधानकारक उपपत्ती पुढे बंगळूर येथे सी. व्ही. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी दिली. १९३६ मध्ये डेबाय यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नाझी राजवटीतील त्यांची भूमिका वादग्रस्त राहिली. १९३८ मध्ये लीझे माइटनर यांच्या जर्मनीतून सुटकेस त्यांनी साहाय्य केले. त्याच वर्षी जर्मन भौतिकी संस्थेचे अध्यक्ष म्हणून ज्यू सदस्यांना संस्था सोडण्यास सांगणाऱ्या पत्रावर त्यांनीच स्वाक्षरी केली. जर्मन नागरिकत्व स्वीकारण्यास नकार देऊन १९४० मध्ये ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी इथाका येथे त्यांचे निधन झाले.

औषधे, खनिजे आणि सिमेंट यांतील घटक ओळखण्यासाठी प्रयोगशाळा आजही भुकटीच्या याच रेषांचा आधार घेतात.