दुष्काळानं आई-वडील हिरावले, तिनं दुष्काळातल्या हजारो लेकी जगवल्या : पंडिता रमाबाईंची कहाणी

सोलापूर : सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं निघालं, की दौंड मागं पडल्यावर केडगाव स्टेशन लागतं. आज हा भाग उसाचा आणि गुऱ्हाळांचा म्हणून ओळखला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तिथं कोरडं माळरान होतं. त्याच माळावर एका बाईनं दुष्काळात टाकून दिलेल्या मुली आणून जगवल्या, शिकवल्या आणि कामाला लावल्या. त्या बाईचं नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन ओळी असतात. पण भुकेल्या माणसाला मदत म्हणजे नेमकं काय द्यायचं, हे त्यांनी करून दाखवलं, ते आपल्या दुष्काळी भागातल्या माणसानं समजून घेण्यासारखं आहे.

आईची तिरडी डोक्यावर

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बाईनं संस्कृत शिकणं पाप समजलं जायचं, त्या काळात त्यांनी बायको लक्ष्मीबाईंना शिकवलं. लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवलं. पुढं हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, देवळात पुराण सांगत जगू लागलं.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात गेलेला, भांडीकुंडी विकून संपली. मजुरीची सवय नाही आणि भीक मागायला जीभ रेटेना. अकरा दिवस झाडपाला, पाणी आणि मूठभर रानखजुरावर काढले. आधी वडील गेले, पाठोपाठ आई. आईला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन जणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. तिची उंची कमी, खांदा पोचेना, म्हणून तिनं तिरडीची बाजू डोक्यावर घेतली. मसणवाटा तीन मैल लांब होता. पुढं मोठी बहीणही गेली.

उरलेले भाऊ-बहीण हजारो मैल पायी फिरले. 1878 मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण सुख टिकलं नाही. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, म्हणून ते लग्न गाजलं. दीड वर्षातच पटकीनं नवरा गेला. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी आणि वय अवघं तेवीस.

धर्म बदलला, देश सोडला नाही

1882 मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बाई-डॉक्टर हव्यात, असं त्यांनी सरकारी शिक्षण आयोगापुढं सांगितलं. 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. पण कानाचं दुखणं असल्यानं ते शिक्षण जमलं नाही. तिथं चर्चच्या जोगिणी समाजानं वाळीत टाकलेल्या बायकांना आसरा द्यायच्या, त्यांना काम शिकवून पुन्हा उभं करायच्या. हे पाहून रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

इकडं महाराष्ट्रात मोठी खळबळ माजली. तिकडं चर्चलाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. पटेल तेच मानायचं हा त्यांचा स्वभाव, म्हणून तिथल्या धर्मगुरूंशीही त्यांचे वाद झाले.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालअपेष्टांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गावोगाव भाषणं केली. 1887 च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला त्यांच्या नावानं मंडळ निघालं आणि त्यानं दहा वर्षं खर्च देण्याचं कबूल केलं. त्या पैशातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा सुरू झाली. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

सल्लागार सोडून गेले

शाळा पुण्यात आली आणि वादही आला. शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली जाऊन बसायच्या. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजू समजून घेण्यासारख्या आहेत. मदतीच्या आडून धर्म बदलला जाईल ही पालकांची भीती खरी होती. आणि विधवा झालेल्या पोरीला तेव्हा दुसरं दार नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

दुष्काळ पुन्हा आला

शाळेला कायमचं उत्पन्न हवं म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळझाडं लावायची, विहिरी पाडायच्या, हा बेत. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. सोलापूर जिल्हाही त्यात होरपळला. मध्य प्रांतातली हालत ऐकून रमाबाई तिकडं निघाल्या.

सरकारी छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या पोरी पाहिल्या. काहींना कोणीतरी विकत होतं, काहींची अब्रू लुटली जात होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी भुकेनं आपण कुठं पोचलो होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. अमेरिकेचा पैसा वरच्या जातीतल्या विधवांसाठी होता आणि त्याची मुदतही संपत आली होती. तरी रमाबाईंनी तीनशे मुली आणायचं ठरवलं, आणि आणल्या. या वेळी जात विचारली नाही. उद्याचा पैसा कुठून येणार, हेही ठाऊक नव्हतं.

त्यातच पुण्यात प्लेग आला आणि एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. सगळा कबिला केडगावच्या माळावर हलवला. आधी मांडव-झोपड्या, मग पक्की घरं. अंगात काही उरलंच नव्हतं, अशा काही पोरी वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांचं हे घर झालं. या वसाहतीचं नाव मुक्ती. 1898 मध्ये तिथं चर्चची पायाभरणी झाली. पुढं 1899-1900 च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी शेकडो मुली आल्या. 1900 साली तिथं दीड हजाराच्या वर माणसं आणि शंभरावर गुरं होती.

नुसतं जेवण नाही, हाताला काम

एवढ्या तोंडांना रोज भाकरी घालायची म्हणजे खेळ नाही. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून साध्या माणसांच्या देणग्या यायच्या. पण रमाबाईंनी मुलींना नुसतं बसवून खायला घातलं नाही. सकाळी शाळा आणि जोडीला काम. कोणी शेतात, कोणी गोठ्यात, कोणी मागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर. कोणी शिवण शिकली, कोणी आजाऱ्याची सेवा. छापखानासुद्धा बायकाच चालवायच्या, खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत.

फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली गेली. सोलापूरच्या पुढं त्याच रेल्वेमार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातल्या गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा काढली.

मुक्तीत ख्रिस्ती प्रार्थना उघडपणे चालायची आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. त्यावर तेव्हाही बोललं गेलं, आजही बोललं जातं. पण छावणीत मरायला टाकलेल्या पोरी अक्षर शिकल्या, शिक्षिका झाल्या, संसाराला लागल्या, ही गोष्ट टीकाकारांनाही पुसता आली नाही.

शेवटपर्यंत काम

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं, अशी सोपी भाषा वापरली. 1919 मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्यांचा सगळा भार मनोरमेवर होता. ती लेक 1921 च्या जुलैत आईच्या आधीच गेली. त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगावातच प्राण सोडला. त्यांची कबर तिथंच आहे. 1989 मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मुक्ती मिशन आजही केडगावात सुरू आहे. निराधार मुली, बायका आणि अंध-अपंगांना तिथं आसरा मिळतो. दुष्काळ आला की आपल्याकडं धान्यवाटप होतं, फोटो निघतात, आणि पाऊस पडला की सगळे आपापल्या घरी जातात. रमाबाईंनी पाऊस पडल्यावरही त्या पोरींना परत पाठवलं नाही. विहीर, शेत, माग आणि पाटी त्यांच्या हाती देईपर्यंत त्या थांबल्या.