रमाबाई रानडे

लिहिणे-वाचणे मुलांना घराने शिकवावे की शाळेने? ज्यांच्या आयुष्यातच या प्रश्नाचे उत्तर सापडते, अशा एका थोर स्त्रीची ही कथा आहे.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेर सुखवस्तू होते. पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल तेव्हा नव्हती. 1873 साली, अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

रानडे यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. ते मोठे विद्वान व न्यायाधीश होते. कचेरीचे काम आटोपल्यावर ते पत्नीस शिकवू लागले. घर हीच शाळा झाली. परंतु त्याच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. रमाबाईंना त्यांची बोलणी सोसावी लागली. त्या उलट उत्तर देत नसत. पण अभ्यासही सोडीत नसत.

1878 साली रानडे यांची नाशिकला बदली झाली. तेथे एका शाळेच्या समारंभात रमाबाई प्रथमच जाहीर सभेपुढे उभ्या राहिल्या. भाषण पतीने लिहून दिले होते. पाच वर्षांपूर्वी एक अक्षरही न येणारी मुलगी आता भरसभेत बोलत होती!

रमाबाईंना असा गुरू घरीच लाभला. पण त्यांच्या बरोबरीच्या इतर मुलींना तो कोठून मिळणार? पुण्यात 1884 साली मुलींचे हायस्कूल निघाले, त्या कार्यात रानडे पुढे होते. 1901 साली ते निवर्तले. दुःख बाजूला सारून रमाबाईंनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केले. ज्यांना बालपणी कोणी शिकविले नव्हते, अशा प्रौढ स्त्रियाही तेथे शिकू लागल्या.

पुढे 1918 साली नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. पुण्यात खर्चाचे कारण सांगून, आरंभी ही सक्ती मुलांपुरतीच ठेवावी, असे काही जण म्हणू लागले. रमाबाईंनी त्यास ठाम विरोध केला. मुलींनाही शाळेचा हक्क मिळावा म्हणून त्यांनी स्त्रियांना संघटित केले. 1924 साली त्यांचे निधन झाले.

घरच्या शिक्षणात माया असते. म्हणून पहिला धडा घरी गिरविण्यात आनंद आहे. पण सर्वच घरांत शिकविणारे नसतात. काही घरांत इच्छा नसते, काही घरांत सवड नसते. शाळेचे दार मात्र सर्वांसाठी उघडे हवे. एका घराने रमाबाईंना निरक्षर ठेविले आणि दुसऱ्या घराने साक्षर केले. मुलाचे भवितव्य अशा योगायोगावर राहू नये, म्हणूनच त्या शाळेसाठी झटल्या.