दादासाहेब फाळके



नासच्या शाळेतल्या एका योरुबा मैत्रिणीने परवा आमच्या मुलीला ‘शांगो’ या १९९७ च्या नायजेरियन चित्रपटाची गोष्ट सांगितली. शांगो हा योरुबा लोकांच्या दंतकथेतला राजा. तो पुढे गडगडाटाचा देव झाला. मुलीने आम्हाला विचारले, आपल्याकडे असा सिनेमा आहे का? आहे, आणि तो मराठी माणसानेच काढला!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहताना त्यांच्या मनात आले की आपले राम-कृष्ण पडद्यावर का नसावेत? मग रात्रंदिवस सिनेमाचा अभ्यास सुरू झाला. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

घरी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून त्यांनी पहिला प्रयोग केला. मोठ्या चित्रपटासाठी पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. फिल्मच्या कडेला छिद्रे नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत. सरस्वतीबाई तेही शिकल्या, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. आम्ही संगणकवाले चुकलो तर प्रोग्राम पुन्हा चालवतो. इथे अंधारात जरा उजेड शिरला की फिल्म वाया!

बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या. म्हणून तारामती झाले हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच! राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढीत.

पुढे बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९६९ पासून त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार दिला जातो. तो जाहीर झाला की आम्हाला सरस्वतीबाईही आठवतात. तुम्हीही आठवा.