मिरजेची चंपाकली : हिराबाई बडोदेकर

मुलामुलींनो,

नोव्हेंबरच्या भित्तिपत्रकात आपण चाचा नेहरूंची माहिती दरवर्षी लावतो. या खेपेला तिच्या शेजारी मी एका गायिकेची माहिती लिहिते आहे. त्यांचे नाव हिराबाई बडोदेकर. २० नोव्हेंबर ही त्यांची पुण्यतिथी. १९८९ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. तुमच्यापैकी कुणी त्यांना पाहिलेले असणे शक्यच नाही. पण घरी आजी-आजोबांना विचारा. ज्यांच्या कानावर रेडिओचे गाणे पडले आहे, त्यांना हे नाव ठाऊक असेल.

हिराबाई आपल्याच मिरजेच्या बरं का! ३० मे १९०५ रोजी मिरजेत त्यांचा जन्म झाला. मिरजेत सतारी आणि तंबोरे तयार होतात, हे तुम्ही परिसर अभ्यासात शिकलात. मंगळवेढा-पंढरपूर भागातले मोठे कडू भोपळे वाळवून तिथले कारागीर ही वाद्ये बनवतात. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा सुरांच्या गावात ही मुलगी जन्मली. तिचे पाळण्यातले नाव चंपाकली.

तिचे वडील म्हणजे किराणा घराण्याचे मोठे गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ. मिरजेच्या दर्ग्यात तुम्ही उरुसाला जाता, तिथेच त्यांची कबर आहे. उरुसात दरवर्षी मोठमोठे गायक-वादक येऊन तिथे हजेरी लावतात. आई ताराबाई माने या बडोद्याच्या. पुढे आईवडील वेगळे झाले. आईने पाचही मुलांना घेऊन नवा संसार मांडला आणि मुलांना नवी नावे दिली. चंपाकलीची हिराबाई झाली. थोरल्या भावाचे नाव सुरेशबाबू, धाकट्या बहिणींची नावे कमलाबाई आणि सरस्वतीबाई, आणि आणखी एक भाऊ कृष्णराव. बडोद्याच्या म्हणून बडोदेकर.

घरात पाच मुले आणि आई एकटी. त्या काळात एकट्या बाईने घर चालवणे किती अवघड असेल, याचा विचार करून पाहा. ताराबाईंनी संगीताचे विद्यालय काढले आणि त्याला जोडून नाटक मंडळी काढली. हिराबाई गाणे शिकल्या त्या सुरेशबाबूंकडून आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडून. किराणा घराण्याचे गाणे म्हणजे काय, ते मी सोप्या शब्दांत सांगते. एकेक सूर शांतपणे लावायचा, घाई करायची नाही, तो सूर पुरता गोड झाला की मगच पुढच्या सुराकडे जायचे. सुंदर अक्षर काढणारी मुलगी पाटीवर एकेक अक्षर जसे गिरवते ना, अगदी तसे.

आता नाटकाचे सांगते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल नाटक केले आणि १८८२ साली सौभद्र केले. तेव्हापासून महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लागले. त्यात नट स्वतःच पदे म्हणत. साथीला पायपेटी किंवा ऑर्गन, सारंगी आणि तबला. सुरुवातीच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही शब्द नीट ऐकू जातील असा आवाज लावावा लागे. पद आवडले की लोक वन्समोअर देत, मग तेच पद पुन्हा म्हणायचे. नाटक संपता संपता पहाट व्हायची.

पण यात एक गोष्ट होती. शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या भूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते लुगडे नेसून उभे राहिले की बायकासुद्धा त्यांच्याकडे पाहून नेसण्याची तऱ्हा उचलत. हे पुरुष कलावंत थोर होते, यात शंका नाही. पण बाईची भूमिका बाईने का करायची नाही? कारण चांगल्या घरच्या मुलीने चार लोकांत उभे राहून गायचे नाही, असे लोक मानत. गाणे ऐकायला सगळ्यांना हवे असे, पण गाणाऱ्या बाईला पंगतीत पाट मांडायला कुणी तयार नसे. केवळ बायकांच्या काही नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडेही लोक नाक मुरडून पाहत.

१९२९ च्या सुमारास हिराबाई आपल्या घरच्या मंडळीतून रंगभूमीवर आल्या. बरोबर भाऊ होते, बहिणी होत्या. पुरुषाची भूमिका पुरुषाने करायची आणि बाईची बाईने, असा त्यांचा शिरस्ता. सौभद्रात त्या सुभद्रा होत. आज तुम्हाला यात काय विशेष, असे वाटेल. त्या वेळी मात्र ते फार धाडसाचे होते.

पुढे बोलपट आले. लोक तिकडे वळले आणि गावोगावच्या नाटक कंपन्या बसत गेल्या. हिराबाईंची कंपनीही बंद पडली, डोक्यावर कर्ज राहिले. त्या डगमगल्या नाहीत. गावोगाव मैफली केल्या, ध्वनिमुद्रिका दिल्या आणि लोकांचे देणे फेडले.

मैफलीचीही एक गोष्ट आहे. पूर्वी बाईचे गाणे म्हणजे कुणा श्रीमंताच्या वाड्यात बैठक असायची. ज्याला बोलावणे असेल त्यानेच जायचे. हिराबाईंनी नाट्यगृहात तिकीट लावून गाणे केले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री गायिका मानल्या जातात. तिकिटाने काय झाले? ज्याने पैसे भरले तो आत आला. शिक्षक आले, कारकून आले, बायकोमुलांना घेऊन आले. दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या हिराबाई तंबोरा घेऊन शांतपणे बसत आणि गात. हातवारे नाहीत, नखरे नाहीत. ते पाहून कितीतरी आयांनी आपल्या मुलींना गाणे शिकायला पाठवले. माणिक वर्मा, प्रभा अत्रे या मोठ्या गायिका हिराबाईंकडे आणि सुरेशबाबूंकडेच शिकल्या.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा हिराबाईंना दिल्लीला बोलावून वंदे मातरम् गाण्याचा मान दिला गेला. १९५३ साली भारताच्या शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. १९६५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७० साली पद्मभूषण. सुरेशबाबू मात्र १९५३ सालीच वारले होते. पुढे हिराबाई आणि सरस्वतीबाई या बहिणी एकत्र बसून जुगलबंदी गात.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमच्या घरी रेडिओ नव्हता. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर त्यांची तबकडी लागली की माझी आई धुण्याची बादली खाली ठेवून उभी राहायची. तिला राग कळत नव्हता, ताल कळत नव्हता. तरी गाणे संपेपर्यंत ती हलत नसे. मीही तिचा पदर धरून ऐकायची.

हे सगळे मी आज का लिहिले, तेही सांगते. स्नेहसंमेलनासाठी आपण गाण्याची नावे घेतली, त्यात सहा मुलींची नावे होती. नंतर तीन घरांतून निरोप आले की आमच्या मुलीचे नाव काढा, मुलीच्या जातीला स्टेज कशाला? शंभर वर्षांपूर्वी हिराबाईंच्या वाटेत जो धोंडा होता, तोच आज आपल्या गावात तीन मुलींच्या वाटेत पडला आहे. मोठ्या माणसांना मी उलट बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. हिराबाई कुणाशी भांडल्या नाहीत. त्या नीट शिकल्या, नीट वागल्या, नीट गायल्या.

त्या तीन मुलींची नावे मी यादीतून खोडलेली नाहीत. तालीम रोज मधल्या सुट्टीत होईल. हे पान वहीत उतरवून घ्या आणि रात्री जेवणं झाल्यावर घरी मोठ्याने वाचून दाखवा. येत्या रविवारी मी तिन्ही घरी स्वतः येणार आहे. चहा ठेवा म्हणावं.

— तुमच्या बाई